दाजींचा दुसरा प्रश्न

माणसाला खरोखर काय हवं आहे हे त्या माणसाच्याही आधी ओळखणारा इसम अख्ख्या बहारीनमध्ये एकच होता, आणि तो माझा साडू होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो, आणि हळूहळू हिद्दच्या कारखान्यातले माझे मल्याळी सहकारीसुद्धा त्यांना दाजीच म्हणू लागले. ठेंगणी मूर्ती, भुवया कायम वर चढलेल्या, आणि बोलणं असं की समोरचा तोंड उघडायच्या आत त्याचं उत्तर यांच्याकडे तयार. पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असं त्यांनी जन्मात कधी विचारलं नाही. ते विचारायचे, ‘साखर किती?’ पाहुणा पटकन ‘कमी’ म्हणाला की आत वर्दी जायची, आणि ‘अं... कशाला उगाच’ असा चाचरला की त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास. एकदा मीच चाचरलो. दाजी म्हणाले, “पावणं, तुम्ही घरनं पिऊन आलाय.” आणि मी खरंच पिऊन आलो होतो.

त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या प्रश्नाला माणूस तोंडदेखलं उत्तर देतो, खरं काय ते दुसऱ्या प्रश्नाला बाहेर पडतं. आमच्या मंडळींची भीमजयंती इथे भाड्याच्या हॉलमध्ये होते आणि जेवणाचा अंदाज हा दरवर्षी कमिटीत भांडणाचा विषय असतो, कारण फोनवर ‘येणार नाही’ असं कोणी म्हणतच नाही. ज्या वर्षी कमिटीने स्वतःच्या डोक्याने अंदाज केला, त्या वर्षी आम्ही पुढचे कित्येक दिवस डब्यात पुलाव नेत होतो. मग हे काम दाजींकडे आलं. “जय भीम, येताय ना?” हा पहिला प्रश्न, आणि समोरच्याने हो म्हणताक्षणी दुसरा, “कुणाच्या गाडीतनं?” ‘बघू, भेटेल कोणीतरी’ म्हणणारा माणूस दाजींच्या हिशेबी घरीच बसलेला असे. ‘शेजारच्या जाधवांच्या गाडीतून, पुढच्या सीटवर, मला गाडी लागते’ असं म्हणणारा मात्र सहकुटुंब धरायचा. त्या वर्षी शेवटची पंगत उठली तेव्हा पातेल्यात फक्त डाव उरला होता. केरळचा आचारी त्या पातेल्यात बराच वेळ बघत राहिला. मग त्याने दाजींना वाकून नमस्कार केला. तो विनोदाने केला असावा असं काही लोक म्हणतात, पण मी तिथे होतो, त्यात विनोद नव्हता.

दाजी जुफैरमध्ये एका दुकानात काउंटर सांभाळायचे. मासेमारीच्या काठ्या, वाळवंटात लावायचे तंबू आणि रीतसर परवाना असलेल्या, क्लबातल्या नेमबाजांच्या एअर रायफली असा तिथला माल. या रायफलींना छर्रे भरायचं एक चकतीसारखं मॅगझिन लागतं. जहाजं लांबच्या वळशाने येऊ लागली आणि ही मॅगझिनं बाजारातून पार नाहीशी झाली. एकदा वस्तू मिळेनाशी झाली की ती सगळ्यांनाच लागते. ज्याच्या रायफलीवर धूळ साचली होती तोही फोन करून पाच मागू लागला. एकजण तर ‘असतील तेवढी सगळी बांधा’ म्हणाला, त्याच्याकडे रायफल होती की नाही याचीच दाजींना शंका होती. अशात कंपनीने मालकाला कळवलं, की ऑर्डर एकदाच घेऊ, उरलेला माल परत घेणार नाही आणि वर्षभर पुन्हा मागायचं नाही. मालक, म्हणजे दाजींचे अरबाब, मनाने मोकळे पण रागाने तापट. मागे तंबूंची अशीच टंचाई आली तेव्हा एका सेल्समनने फोन मोजून ऑर्डर दिली, तंबू गोदामात कुजले आणि त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. दाजींची मुलगी बारावीला होती. व्हिसा गेला तर ऐन वर्षात शाळा सोडून सगळं घर उचलावं लागणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. माझ्या बायकोची तर झोप उडाली.

दाजींनी काय करावं? काउंटरवर त्यांनी घरची एक स्टीलची परात आणून ठेवली आणि ज्याला त्याला सांगायला सुरुवात केली, “तुमचं खराब झालेलं मॅगझिन आणून यात टाका, मग तुमची मागणी धरतो.” गिऱ्हाइकं खवळली. पाच मागणारे परत फिरकले नाहीत. ज्यांची खरंच मोडली होती ते मात्र मुकाट्याने खिशातून चकती काढून परातीत ठेवायचे आणि जायचे. मालक रोज दुकानात आले की आधी परातीत डोकावायचे. तिचा तळसुद्धा झाकला नव्हता.

“सब लोग मांगता, टेलिफोन बंद नहीं होता, और तुम बोलता मफी, नहीं मांगता?” मालक म्हणाले. आजूबाजूच्या दुकानदारांनी भरमसाट ऑर्डरी दिल्याची बातमी त्यांच्या कानावर आलीच होती.

“अरबाब, टेलिफोनवाले को डर लगता है, इसलिए मांगता है. जिसको जरूरत है, वो ये थाली में डाला है.”

“गलत हुआ तो?”

“तो खलास. मैं घर जाएगा.”

हे वाक्य दाजींनी घरी येऊन आम्हाला इतक्या थंडपणे सांगितलं, की माझ्या हातातला घास हातातच राहिला. मालकांनी परातीत होता तेवढाच आकडा कळवला. त्यानंतरचे महिने मी दाजींकडे पाहून धसकत होतो आणि दाजी भाजीच्या दुकानात उभे राहून कोणती बाई मेथीच्या किती जुड्या घेईल ते मला सांगत होते. एकदाही चुकले नाहीत. मला त्यांची भीतीच वाटू लागली होती.

अखेर माल हिद्दच्या बंदरात उतरला. परातवाल्या गिऱ्हाइकांनी येऊन आपापलं मॅगझिन नेलं आणि दाजींच्या दुकानातलं कपाट रिकामं झालं. बाकीच्या दुकानांत मात्र खोकी छताला टेकली, कारण माल आलाय हे कळताच लोकांची मागणीच विरून गेली. मालकांनी भर दुकानात दाजींना मिठी मारली आणि व्हिसाचे कागद नूतनीकरणाला पाठवायला सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही त्यांच्या बुसैतीनच्या फ्लॅटवर जेवायला होतो. दाजी राजासारखे बसले होते. “व्हिसा रिन्यू झाला,” त्यांनी जाहीर केलं. मुलगी मोबाइलमधून मान न काढता “ग्रेट, पप्पा” म्हणाली. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, पोळी लाटत होत्या. त्या म्हणाल्या, “बरं झालं.” एवढंच म्हणाल्या आणि पुढची पोळी घेतली.

दाजींचा घास थांबला. एवढी वर्षं गिऱ्हाइकांचे आवाज ऐकलेला माणूस तो. त्यांनी अक्कांच्या पाठीकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, “समजा, जायचंच ठरलं असतं, तर त्या फ्रिजचं काय केलं असतंस गं?”

“फ्रीज धाकटीला,” अक्का मागे न वळता म्हणाल्या. “कढीपत्त्याची कुंडी खालच्या मल्याळी बाईला, ती पाणी घालती रोज. तुमची ती आरामखुर्ची टाकून द्यायची. लोखंडी कपाट तेवढं न्यायचं. गावच्या पुढच्या खोलीत बसतंय ते, मी भावाला पाठवून भिंत मोजून घेतलीय.”

“कधी?”

“झाली की दोन-तीन वर्षं.”

मुलीने मोबाइल खाली ठेवला. दाजी ताटाकडे बघत राहिले. मला वाटलं ते काहीतरी खुसखुशीत बोलतील, पण ते हळूच म्हणाले, “मला कधी बोलली नाहीस.” अक्का म्हणाल्या, “तुम्ही विचारलं नव्हतं.” त्यात राग नव्हता. मग त्यांनी दाजींच्या ताटात गरम पोळी वाढली.

मुलीची परीक्षा झाली आणि ते कुटुंब कायमचं गावी गेलं. नव्या कोऱ्या व्हिसावर पाणी सोडून गेलं. मालकांनी पुष्कळ अडवलं, विमानतळावर डोळे पुसले. फ्रीज आमच्याकडे आला आहे आणि उत्तम चालतो. दाजींचा अधूनमधून फोन येतो. गावाकडची हवा, मुलीचं कॉलेज, अक्कांनी दारात लावलेली वांगी, सगळं सांगून झालं की विचारतात, “मग पावणं, तुम्ही कधी येताय कायमचं?” मी म्हणतो, “येणार की, इंशाल्ला.” पूर्वीचे दाजी असते तर त्यांनी तिथल्या तिथे मला दुसरा प्रश्न टाकला असता, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. त्यांना ते माहीत आहे. म्हणून ते क्षणभर थांबतात, “या, या” म्हणतात आणि फोन ठेवून देतात.