रोझामायचं ताट

नाताळ जवळ आला की रोझामाय होडीने वर्सोव्याला जायची आणि नवी कोरी फणी घेऊन यायची. ती डोक्याला कधी लागायची नाही. मैद्याची गोळी फणीच्या दातांवर दाबून अंगठ्याने गुंडाळायची, तळायची, साखरेत घोळवायची, की झाली कुलकुलं. “जुनी फणी चालत नाही का?” असं मी पहिल्या वर्षी विचारलं, तर म्हणाली, “ती तुज्या मास्तराच्या टकलावर चालव!”

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. माझे यजमान मढच्या शाळेत मास्तर होते, म्हणून मी मास्तरीण. रोझामाय शेजारची, विधवा. तिचा एकुलता एक अँटन मासेमारीला जायचा. नाताळात बांबूच्या कामट्यांना पतंगाचा कागद लावून चांदणी तोच करायचा. मग माय कुलकुलांचं ताट घेऊन घरोघर फिरायची, आम्हा हिंदूंकडे आधी. दिवाळीत आमचं ताट तिच्याकडे गेलं की परत येताना त्यात अंडं तरी असायचं, नाहीतर साखरेची चिमूट. “रिकामं ताट फकस्त मयताच्या घरातून येते,” असं ती बजावायची.

एका वर्षी मी बाळंतपणाला माहेरी, मालवणला गेले. नाताळच्या तोंडावर मुलीला घेऊन परतले, तेव्हा धक्क्यावरच ह्यांनी सांगितलं, “अँटन गेला. भाद्रपदात होडी उलटली. सापडलाच नाही.” मला रडू आलं नाही. नुसतं बरं म्हटलं आणि बाळाचं टोपरं सारखं केलं.

एक गोष्ट मात्र हे सांगायची विसरले. मायने मुलगा गेला हे मानलंच नव्हतं. त्याच्या नावाने देवळात मिस्सा, म्हणजे प्रार्थना करू दिली नाही, काळं नेसली नाही. “पोर माजा यायचाय,” एवढंच म्हणायची, आणि सगळं गाव मान डोलवायचं.

आमच्याकडे दुखवट्याच्या घरात वर्षभर सणाचं तळण होत नाही, शेजारी फराळ नेऊन देतात. तशी मी नाताळच्या आदल्या दुपारी करंज्यांचं ताट घेऊन गेले. ओटीवर चांदणी होती, वेडीवाकडी. शेजाऱ्यांनी लावली असेल, असं मला वाटलं.

“ह्ये काय गं, मास्तरणी? तुजी दिवाली तं कवाच झाली.”

“माय, दुखवट्याच्या घरात कढई चढत नाही ना, म्हणून…”

तेव्हा मला चूल दिसली. कढई तापली होती आणि मायच्या हातात फणी होती, नवी. जीभ का झडली नाही माझी!

मायने करंज्यांचं ताट माझ्या हातून घेतलं. मग चुलीतली लाकडं एकेक करून बाहेर ओढली, त्यांवर पाणी शिंपडलं. “सगल्यांनी माजं ताट घेतलं असतं गं,” ती म्हणाली. “मला कोनी आनलं नाय. तू आनलंस.”

तो राग होता की आणखी काही, मला आजही सांगता येत नाही. ती रडली नाही, मीही नाही. घरी येऊन मी बाळाला पाजलं.

नाताळच्या सकाळी सगळं गाव नवे कपडे घालून मिस्साला देवळात गेलं. माय काळं लुगडं नेसून गेली. येताना आमच्या दारात थांबली, पदराखालून आमचं करंज्यांचं ताट काढून माझ्या हातात दिलं आणि घरी गेली.

हे आतून बाहेर आले. “काय दिलं गं मायने?”

ताट घासून लख्ख केलेलं होतं. मी ते त्यांच्यापुढे धरलं. त्यात साखरेचा कणही नव्हता.