नवस बायकोचा, गळ नवऱ्याचा

नवस सत्यभामाबाईंनी केला आणि सोडावं लागलं नारायणरावांना. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. बाईंनी स्वतःचं काही सोडलं नव्हतं. त्यांचा चहा चालू राहिला, सुपारी चालू राहिली, शेजारणीशी भांडणंही चालू राहिली. देवाला त्यांनी वाहिला तो नवऱ्याचा गळ.

एकोणतीस वर्षं झाली त्याला. शेखर, त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा पाच वर्षांचा होता. ताप डोक्यात गेला म्हणून मलकापूरच्या एका दवाखान्यात त्याला ठेवलं होतं. दहाव्या दिवशीही तो डोळे उघडेना, तेव्हा सत्यभामाबाई पॅसेंजरने शेगावला जाऊन आल्या आणि दवाखान्याच्या पायरीवर नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी महाराजाले बोलून आली. पोरगं उठून बसलं तं तुमी गळाले हात लावणार नाही."

"हाव," नारायणराव म्हणाले. त्या घडीला बाईंनी उजवा हात मागितला असता तरी ते हाव म्हणाले असते.

"अन् हे कोनाले सांगाचं नाही. पोराले तं नाहीच नाही. नवस बोलून दाखवला का उतरते."

"हाव."

बाराव्या दिवशी शेखर उठून बसला आणि त्याने वरणभात मागितला. नारायणरावांनी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं, आणि घरी आल्यावर गळाची काठी गोठ्याच्या आढ्याला टांगून टाकली. नवस किती दिवसांचा, हे त्यांनी विचारलं नाही. देवाशी झालेल्या बोलण्यात घासाघीस करू नये, असं त्यांना वाटलं. भल्या माणसांना असल्या चुका फार सहज करता येतात.

नारायणरावांचं गाव मोताळा तालुक्यात, नळगंगा धरणाच्या फुगवट्याला लागून. सात एकर जमीन, कपाशी, तूर, विहिरीवर थोडी वांगी-मिरची. घर माळकऱ्यांचं नव्हतं, पण शेतकऱ्याच्या पोराने गळ टाकून बसावं हे गावात कोणाला पटत नसे. ते भोयांचं काम. सत्यभामाबाईंना तर लग्न झाल्या दिवसापासून त्याची लाज वाटे. गंमत अशी की नारायणरावांना मासा खायची आवड फार नव्हती. धरलेले मासे बहुतेक वेळा देवानंदच्याच टोपलीत जात.

देवानंद भोयाचा. दोघं एका वयाचे, आणि गळ टाकायला नारायणराव त्याच्याकडूनच शिकलेले. नऊ हातांची वेळूची काठी, तंगूसाचा बारीक दोरा, आणि पाण्यावर उभा राहणारा मोरपिसाच्या दांड्याचा बोटभर तुकडा. झिंगे कुरतडायला लागले की तो तुकडा नुसता थरथरतो. मरळ आली तर एका दणक्यात गडप होतो. रोहू मात्र सावकार माणूस. तो एकदा बुडवून पाहतो, सोडतो, आणि मग तुकडा आडवा करून चालायला लागतो. त्या चालण्यातल्या नेमक्या क्षणी मनगटाने झटका द्यायचा, आधी नाही आणि नंतरही नाही. नारायणरावांना तो क्षण डोळे मिटूनही कळायचा. देवानंद म्हणायचा, "नारायणराव, तुमचा जनम चुकला. हे मनगट आमच्या जातीचं हाय." शाळेत सातवी नापास झालेल्या नारायणरावांना आयुष्यात मिळालेलं हे एकच प्रशस्तिपत्र.

त्यांची बसायची जागाही ठरलेली. धरण झालं तेव्हा आजोबांचं वावर पाण्यात गेलं, आणि वावरातली दगडी विहीरही गेली. काठावरची वाकडी बाभूळ आणि पलीकडच्या देवळाचा कळस एका रेषेत धरला की विहीर नेमकी कुठे आहे ते समजे. मोठे रोहू त्या विहिरीच्या तोंडाशी असत. हे गावात दोघांनाच माहीत होतं.

नवसानंतर देवानंद दोनदा बोलवायला आला. "काऊन येऊन नाही राह्यले?" त्याने विचारलं. नारायणराव म्हणाले, निंदण चालू हाय. दुसऱ्यांदा म्हणाले, कंबर धरली. तिसऱ्यांदा देवानंद आला नाही. पुढे स्टँडवर भेट झाली की रामराम करून तो दुसरीकडे बघू लागला. त्याची काय समजूत झाली असेल ते नारायणरावांना चांगलं कळत होतं, आणि ती खोडून काढायला तोंड उघडायची सोय नव्हती. मित्र गेला तो असा, मूग गिळता गिळता. गोठ्यातल्या काठीला बाईंनी एक दिवस आकडी बांधली आणि त्याच काठीने त्या शेवग्याच्या शेंगा तोडू लागल्या.

वर्षं गेली. शेखर शिकला, पुण्याला कंपनीत लागला, पुण्याचीच प्राची त्याने बायको म्हणून आणली. यंदा पोळ्याला दोघं गावी आली ती गाडीत एक लांबलचक चेनची बॅग घेऊनच. आत दोन काळ्या काठ्या, चकचकीत रिळं आणि डबाभर प्लास्टिकचे मासे होते.

"हे काय रे?" नारायणरावांनी विचारलं.

"फिशिंग, बाबा. आमचा ग्रुप आहे. दर रविवारी जातो. मासा पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा."

नारायणरावांनी बायकोकडे पाहिलं. सत्यभामाबाई कौतुकाने ओसंडून चालल्या होत्या. "डोकं शांत राह्यते म्हंते त्यानं," त्या म्हणाल्या. "कामाचा लय तान राह्यते ना त्याले." वेळूच्या काठीने जे भोयाचं काम होतं, ते चेनच्या बॅगेत बसून आलं तेव्हा औषध झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, चौघंही गाडीने धरणावर गेली. बाईंनी भाकरी, ठेचा, पिठलं बांधून घेतलं होतं. धरण भरलेलं होतं. नारायणराव या काठावर एकोणतीस वर्षांनी बसत होते. शेताला जाताना ते मुद्दाम वरच्या वाटेने जात, पाणी दिसू नये म्हणून.

सकाळभर शेखरने पाणी झोडपलं. लांब फेकी, गरागरा गुंडाळी, आमिष बदली, परत फेकी. मासा काही लागेना. नारायणरावांना बघवेना. जो माणूस पाण्याला पाच मिनिटं शांत बसू देत नाही त्याला मासा कसा भेटेल, एवढं साधं सांगायला त्यांची जीभ वळवळत होती. प्राचीने त्यांना पाण्याकडे टक लावून बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही कधी मासे पकडलेत का हो?"

नारायणरावांनी पुन्हा बायकोकडे पाहिलं. बाई कांदा फोडत होत्या.

"नाही, पोरी," ते म्हणाले.

शेवटी मात्र त्यांच्याने राहवलं नाही. नुसतं बोलण्याने नवस मोडत नसावा, असा त्यांनी मनाशी निवाडा केला. "शेखर, ते प्लास्टिक काढ. मायच्या डब्यातली भाकर मळून गोळी लाव अन् त्या वाकड्या बाभळीच्या रेषेत टाक. अन् हालवू नोको."

"बाबा, तिथे नुसतं उघडं पाणी आहे," शेखर हसून म्हणाला. पण सकाळ फुकट गेली होती, म्हणून त्याने ऐकलं. गोळी रेषेपासून हातभर चुकली, तरी विहिरीच्या कडेला पडली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "ऑफिसचा आहे. बाबा, धरा जरा. काही करायचं नाही, फक्त धरून ठेवायचं." आणि काठी बापाच्या हातात देऊन तो बोलत बोलत पाण्याच्या कडेने चालू लागला.

काठी हातात आली म्हणजे गळाला हात लागला का, याचा विचार करायला नारायणरावांना सवड मिळाली नाही. मनगटात थरथर आली. एक बुडी. मग सोडलं. मग तंगूस सावकाश डावीकडे चालायला लागला. मोरपीस नव्हतं, पण लागत कोणाला होतं? रोहू होता, आणि चांगला थोराड होता. आता, आत्ता, एक झटका. सगळं आयुष्य त्या मनगटात येऊन उभं राहिलं.

आणि त्यांना शेखर दिसला. पाठ करून, कानाला फोन लावून, तो शेवाळलेल्या दगडांवरून चालत होता. खाली दोन पुरुष पाणी. दवाखान्यातलं ते मिटल्या डोळ्यांचं पाच वर्षांचं तोंड नारायणरावांना दिसलं. त्यांनी मनगट आवळून धरलं आणि झटका दिला नाही. गोळी गिळून, आपणच अडकून रोहू पळत सुटला, रीळ करकरलं, काठी कमानीसारखी वाकली, प्राची "बाबा, बाबा" करत राहिली आणि तंगूस कट्‌कन तुटला. नारायणराव खांबासारखे उभे होते.

शेखर धावत आला. तुटलेलं टोक बघून त्याचा चेहरा पडला. "बाबा, ओढायचं तरी," तो म्हणाला. "लहान पोराला पण कळतं हो." मग प्राचीकडे वळून, आवाज जरा खाली आणून, "जाऊ दे. त्यांचा प्रांतच नाही तो. जन्मभर कापूस आणि तूर."

जेवणं झाली. पोरं गाडीकडे गेली तेव्हा नारायणराव बायकोच्या जवळ सरकले. अपमान झाला होता, पण आतून त्यांना एक प्रकारचं मोठेपणही वाटत होतं. एवढं आपण केलं, आणि ते जाणणारं जगात एकच माणूस आहे.

"पाह्यलं ना?" ते हळूच म्हणाले. "हातात आलता. पन मोडला नाही."

"काय नाही मोडलं?"

"तुवा नवस."

सत्यभामाबाईंनी जरा आठवून पाहिलं. "आगं माय, तो?" त्या म्हणाल्या. "तो तं कवाच फिटला. नवस बारा वर्साचाच होता. शेखर बारावीले होता तवा मी शेगावले जाऊन फेडून आली ना."

नारायणरावांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. सतरा वर्षं. बारा देवाची होती, ती त्यांनी आनंदाने दिली असती, पुन्हा मागितली तर पुन्हा दिली असती. पण ही सतरा कोणाची?

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी कधी इचारलं?" बाई डबे पुसत म्हणाल्या. आणि मग, त्यांच्या मानाने समजुतीने, "अन् सांगून काय कराचं होतं? सवय सुटली होती ते बरंच होतं. चार लोक मान देऊन राह्यले होते. प्राचीच्या घरचे पाहाले आले तवा दारात गळाची काठी दिसली असती तं बरं दिसलं असतं का?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आता शेखरला सांगायला हरकत नव्हती, पण सांगायचं तर बारा वर्षांच्या मोठेपणाबरोबर सतरा वर्षांचा मूर्खपणाही सांगावा लागला असता. आणि तो पोराच्या आईवर जाऊन पडला असता.

तेवढ्यात शेखर परत आला. आपण जास्त बोललो हे त्याला लागलं असावं. पोरगं वाईट नव्हतं. "या बाबा, तुमाले शिकवतो," तो म्हणाला. रागवायला किंवा लाड करायला आला की त्याची पुण्याची भाषा गळून पडे. त्याने काठी बापाच्या हातात दिली, मागे उभं राहून त्यांचा अंगठा धरून नीट ठेवला. "अस्सा. अन् मासा लागला का भ्याचं नाही."

नारायणरावांनी अंगठा तो ठेवील तिथे ठेवू दिला. प्राचीने फोन समोर धरला. "जरासं हसा की," सत्यभामाबाई म्हणाल्या. ते हसले. संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्यांच्या स्टेटसला होता. खाली लिहिलं होतं, 'बाबांचा मासेमारीचा पहिला धडा'.

तिसऱ्या दिवशी पोरं पुण्याला गेली. नारायणराव त्यांना फाट्यापर्यंत सोडून स्टँडवरच्या हॉटेलात चहाला थांबले. देवानंद बाकावर बसलेला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने नजर चुकवली नाही. चांगला बराच वेळ त्याने त्यांच्याकडे बघितलं.

"शिकले का मंग?" त्याने विचारलं.

नारायणरावांनी मान खाली घातली.

"नाही, तुमच्या पोरानं फोटू टाकला होता, त्याच्याच्यानं इचारलं," देवानंद म्हणाला. आवाजात राग नव्हता, राग केव्हाच जुना झाला होता. "मले वाटे, आमच्या जवळ बसून मासे धरनं तुमाले बाटवत असन, म्हनून सोडलं तुमी. सोयरेधायरे, मानपान. मी म्हनलं, असन, मोठ्या मानसाचं. पन पहिला धडा? मी काय शिकवलं होतं मंग तुमाले, नारायणराव?"

आता बोलायला काही हरकत नव्हती. नवस फिटला होता, सतरा वर्षांपूर्वीच फिटला होता. नारायणरावांनी तोंड उघडलं, आणि पहिलं वाक्य कुठून सुरू करावं हे त्यांना सुचेना. सुचेपर्यंत देवानंदने बशी पालथी घातली, चहावाल्याला दोघांच्याही चहाचे पैसे दिले आणि तो धरणाच्या वाटेला लागला.