माणूस दिसला की थांबणारं मशीन

मी ड्रेनेज साफ करणारं रोबो मशीन चालवते. ‘चालवते’ म्हणायचं की ‘चालवत होते’, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. नाव पटावर आहे, पण कामावर बोलावणं येत नाही.

आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, सातपूरच्या कारखान्यांत पॅनेल जोडायची कामं केली, आणि मग एका ठेकेदाराकडे लागले. हा ठेकेदार सोसायट्या, हॉटेलं, लग्नाची लॉन्स यांच्या तुंबलेल्या लाइनी मोकळ्या करून द्यायचा. पूर्वी त्याची माणसं चेंबरमध्ये उतरायची. नंतर त्यानं हे मशीन घेतलं आणि ते चालवायला मला ठेवलं. लोखंडी घोडा चेंबरवर उभा करायचा आणि त्याला लटकलेला हात विंचनं खाली सोडायचा. हाताच्या टोकाला पंजा, वर कॅमेरा, बाजूला गॅस मोजणारी डबी. मी रस्त्याकडेला छत्री लावून स्क्रीनसमोर बसायचे आणि खालचा गाळ, चिंध्या, प्लॅस्टिक पंजात धरून वर काढायचे.

माझ्या जोडीला जे होते त्यांना मी मामा म्हणायचे, ते मला ताई. हरसूलकडचे. तरुणपणी बागांमध्ये मजुरीला म्हणून नाशकात आले आणि हळूहळू या कामात ओढले गेले. अर्धं आयुष्य चेंबरमध्ये उतरण्यात गेलेलं. मशीन आलं त्या दिवशी त्याच्याभोवती एक चक्कर मारून त्यांनी मला विचारलं, “हे उतरंल, अन् मी काय करू?”

“चेंबरचा ढापा उचला, घोडा लावा, आणि माझ्याकडे लक्ष ठेवा.”

“तुमच्याकडं काय लक्ष ठिवायचं?” म्हणून ते हसले होते. पण थोड्या दिवसांनी डबा खाताना आपणहून म्हणाले, “लय बरं झालं ताई. आता घरी गेलो का नात जवळ येती. आधी नाक धरायची.”

मशीन बनवणाऱ्या कंपनीचा एक इंजिनिअर शिकवायला आला होता. वयानं माझ्याएवढाच असेल. त्यानं सांगितलं, गॅसचा दिवा लाल झाला आणि भोंगा वाजला की आत काम करेल ते फक्त मशीन, माणूस नाही. आणि कॅमेऱ्याला समोर माणूस दिसला तर हात जागच्या जागी थांबतो, पंजा हलत नाही. हे कुलूप उघडायला एक चावी असते आणि माझा अंगठा लागतो. दुरुस्तीसाठी पंजा वर काढून त्यात आपला हात घालायचा असेल तर तेवढ्यापुरतीच ती वापरायची. चावी मी गळ्यात घालायचे.

उन्हाळ्यातलं, ऐन लग्नसराईतलं काम होतं. गंगापूर रस्त्याच्या आतल्या बाजूचं एक लॉन्स. संध्याकाळी लग्न, आणि स्वयंपाकघरामागची लाइन उलटून घाण पाणी मांडवाकडे यायला लागलेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा एकीकडे खुर्च्यांना कव्हरं चढत होती आणि दुसरीकडे आचाऱ्याची माणसं पाण्यात विटा टाकून त्यावरून ये-जा करत होती. आमचा सुपरवायझर आधीच येऊन मॅनेजरची समजूत घालत होता.

ढापा उचलला, हात खाली सोडला. दिवा लगेच लाल. भोंगा वाजायला लागला तशी मांडवातली माणसं वळून बघायला लागली. सुपरवायझर आला आणि त्यानं माझ्या पुढ्यातून हात घालून भोंगा बंद केला. “लग्नघरचे लोक आहेत इथे, घाबरतात,” म्हणाला. लाल दिवा लागलेलाच होता.

सुरुवातीला काम चांगलं चाललं होतं. पत्रावळ्या, कापडं, गाळ वर आला. मग पंजा पाइपाच्या तोंडाशी गेला आणि तिथे कुणीतरी कधीतरी टाकलेली सळई त्याच्या बोटांत अशी अडकली की पंजा मिटेना, उघडेना. मी मागे-पुढे करून पाहिलं. इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, “जोर देऊ नका, मोटर जाईल. मी उद्या सकाळी येतो. तोपर्यंत तसंच राहू द्या.”

हे मी सुपरवायझरला सांगितलं. तो माझ्याकडे न बघता चेंबरमध्ये वाकून बघत राहिला. मग म्हणाला, “नुसती सळई तर ओढायची आहे. एका मिनिटाचं काम.”

“सर, गॅस लाल आहे.”

“ती डबी मागच्या आठवड्यापासून उगाच लाल दाखवतेय.”

“मागच्या आठवड्यात ती हिरवी पण दाखवत होती. खाली कुणी उतरायचं नाही.”

“मी कुणाला उतर म्हणतोय का?” त्यानं आवाज चढवला. मग मामांकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाला, “मशीन ताईंच्या ताब्यात दिलेलं आहे. मोडलं तर जाब त्यांनाच द्यावा लागणार, एवढंच सांगतो. आणि मशीन बंद पडून राहिलं तर तुम्हा दोघांचं काय काम मग?”

मी म्हणाले, “मामा, ऐकू नका. मोडू दे मोडलं तर.” त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं त्यांना. मी पुन्हा फोन लावायला थोडी लांब गेले, कारण छत्रीपाशी रेंज नीट येत नव्हती. ठेकेदारालाच सांगावं असं माझ्या मनात होतं. त्यानं फोन उचलला नाही. मागे वळले तर मामांचं डोकं चेंबरच्या कडेखाली जाताना दिसलं. तोंडाला रुमाल बांधलेला, दोरी कमरेला न बांधता नुसती हातात धरलेली.

“आलोच ताई,” एवढं ऐकू आलं.

मी धावत स्क्रीनकडे गेले. कॅमेऱ्यात माणूस दिसल्याबरोबर मशीन थांबलं होतं, तसं लिहून आलं होतं. पिवळ्या उजेडात मामांचे हात दिसत होते. त्यांनी सळई दोन्ही हातांनी धरली, पिळली आणि काढली. खरंच एका मिनिटाचं काम होतं. सळई बाजूला टाकून त्यांनी वर बघितलं, कॅमेऱ्यात, म्हणजे माझ्याकडेच. आणि मग ते खाली बसले. दमून माणूस पायरीवर बसतो तसे, भिंतीला टेकून. मान छातीवर पडली.

मी ओरडले. दोरी ओढली तर नुसतीच वर आली. आचाऱ्याचा एक माणूस चपला काढून चेंबरकडे धावला. मी त्याला मिठीच मारली. तो मला ढकलत होता, “अहो मरंल ना तो, सोडा,” म्हणत होता, आणि मी त्याला सोडत नव्हते. एकाला वाचवायला गेलेला दुसरा मरतो, त्याला वाचवायला गेलेला तिसरा, असं या कामात होतं, हे मला मामांनीच सांगितलेलं होतं. त्यांचे दोन सोबती तसेच गेले होते. तरी एका मरणाऱ्या माणसाच्या मदतीला जाणाऱ्याला आपण हातानं अडवतोय, ही गोष्ट त्या वेळी अंगात कशी उतरते ते मी सांगू शकत नाही. सुपरवायझर फोनवर होता. अग्निशमनची गाडी निघाली होती, पण लग्नाच्या दिवसाची त्या रस्त्याची गर्दी मला माहीत होती.

आत माणूस होता. त्याच्या समोर लोखंडाचा एक हात होता, मोकळा झालेला, आणि तो माणूस आहे म्हणूनच थांबलेला.

मी गळ्यातली चावी काढली. स्क्रीनवर प्रश्न आला: समोर माणूस आहे, पुढे जायचं का? मी अंगठा लावला. पुन्हा तोच प्रश्न आला. पुन्हा लावला.

त्या पंजाला मऊ काही कळत नाही. दगड आणि गाळ धरायला केलेला तो पंजा. मी आधी त्यांचा पट्टा धरायचा प्रयत्न केला, तो तुटला. शर्ट फाटला. तिसऱ्यांदा मी काखेखाली धरलं आणि पंजा मिटत नेला. किती दाबायचं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. कमी दाबलं तर निसटणार, जास्त दाबलं तर... मी दाबलं. आवाज वरपर्यंत आला नाही, पण खांदा जिथे वाकायला नको तिथे वाकलेला स्क्रीनवर दिसला. विंच वर घेतला. चेंबरचं तोंड अरुंद होतं. त्यात ते घासत, आपटत वर आले. आचाऱ्याच्या त्याच माणसानं त्यांना ओढून घेतलं आणि विटांवर आडवं केलं.

श्वास होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण मेंदूला हवा कमी पडली आहे. खांदा आणि वरच्या बरगड्या मोडल्या होत्या. मामी आल्या, त्यांनी आधी नवऱ्याचा हात पाहिला आणि मग मला विचारलं, “हे कशानं झालं?”

“मी केलं,” मी म्हणाले. “मशिननं धरून वर काढलं.”

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाकावर सरकून त्यांनी मला बसायला जागा दिली.

पुढे जे झालं ते मी अजून धड समजू शकलेले नाही. पोलिसांकडे ठेकेदारानं लेखी दिलं की कामगार परवानगीशिवाय खाली उतरला, आणि मशीन चालवणाऱ्या बाईनं सुरक्षेचं कुलूप जाणूनबुजून उघडून त्याला जखमी केलं. मशिनमधली नोंद काढली तर तीही हेच सांगत होती. समोर माणूस असताना कुलूप उघडलं, दोनदा विचारून उघडलं, माझ्या अंगठ्यानं. खोटं काहीच नव्हतं त्यात. भोंगा बंद केल्याची नोंदही माझ्याच नावावर होती, कारण त्या वेळी मशिनवर मी होते. सुपरवायझर काय बोलला, कुठल्या आवाजात बोलला, कुणाकडे बघून बोलला, हे मशिनला कळायची सोयच नव्हती. “मी कुणाला उतर म्हटलंच नाही,” हे त्याचं म्हणणंसुद्धा अक्षराला अक्षर खरं होतं.

मी जबाबात सगळं सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं मध्येच थांबवून विचारलं, “बाई, एवढं सोडा. बटण कुणी दाबलं?”

“मी.”

“मग झालं.”

घरी आले की जेवण जात नसे. आई म्हणायची, “अगं, जीव वाचवलास तू.” तिच्या त्या बोलण्याचा मला राग यायचा. मामांकडे गेले की ते दारात खुर्चीवर बसलेले असायचे. एक हात मांडीवर ठेवलेला, तो आता वर उठत नाही. बोलताना शब्द शोधायला लागतात. मला ओळखतात. पण प्रत्येक वेळी विचारतात, “ताई, मला नेमकं काय झालं होतं?” आणि प्रत्येक वेळी मी पहिल्यापासून सांगते. एकदा त्यांच्या नातीनं सांगायला सुरुवात केली. तिला सगळं पाठ झालेलं होतं. मी उठून बाहेर गेले.

काही महिन्यांनी इंजिनिअरचा फोन आला. भला माणूस, त्यानं माझी विचारपूस केली. म्हणाला, आम्ही त्या प्रकरणातून शिकलो, नव्या मशिनमध्ये ती चावीच ठेवलेली नाही. माणूस दिसला की हात थांबणार, आणि माणूस हटल्याशिवाय काही केल्या हलणार नाही.

“आणि खाली बेशुद्ध पडलेला असेल तर?” मी विचारलं.

“खाली माणूस असायलाच नको ना, मॅडम.”

“पण असला तर?”

“तो निर्णय मशिनवर किंवा चालवणाऱ्यावर टाकता येत नाही, असं आमचे वकील म्हणतात.” मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “तुमच्या जागी मी असतो तर मला ते जमलं नसतं.” मी त्याला म्हटलं, कामगार खात्याची चौकशी लागली आहे, तिथे येऊन हे सांगाल का? तो म्हणाला, कंपनीला विचारून कळवतो. त्यानं कळवलं नाही.

चौकशीला मामांना बोलावलं, तो दिवस पावसाळी होता. मामींनी त्यांना पांढरा धुतलेला शर्ट घातला होता, लुळा हात बाहीत घालायला बराच वेळ लागला असणार. समोर अधिकारी, एका बाजूला ठेकेदाराचा वकील आणि सुपरवायझर, दुसऱ्या बाजूला मी. मला वाटत होतं, एवढा एक माणूस बोलला की पुरे.

अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, “तुम्हाला खाली कुणी उतरायला सांगितलं?”

मामांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. सुपरवायझरकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे बघून ते थोडे हसले, डबा खाताना हसायचे तसे.

“कुणी नाय,” ते म्हणाले. “मी सोताच गेलो. ताईंचं मशीन अडकलं हुतं.”

वकिलानं लिहून घेतलं. मी उभी राहिले, तर अधिकारी म्हणाले, तुमची वेळ आली की बोला, आत्ता बसा. मामांना खरंच आठवत नव्हतं, की दोष स्वतःवर घेऊन मला वाचवण्यासाठी ते तसं बोलले, की त्यांच्या लेखी तेच खरं होतं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं नाही. त्यांच्या त्या एका वाक्यानं सुपरवायझर सुटला आणि मी मात्र पुरती अडकले होते.

बाहेर मामी त्यांना धरून जिना उतरवत होत्या. मी दुसरी बाजू धरली, मोडलेल्या खांद्याची. कुठे धरलं तर दुखतं ते मला ठाऊक होतं. पुढची तारीख दिवाळीनंतरची होती, ती पुढे ढकलली. नंतरचीही ढकलली. माझी बोलायची वेळ अजून आलेली नाही.