काचेला चिकटलेली लंकाबाई

बेलापूरचा भीमराज फोटोवाला म्हणजे भलता हट्टी माणूस. मुलीचा स्थळासाठी फोटो काढायचा तर त्याच्याकडूनच, असं गावात ठरून गेलेलं. फोटो तर कुणीही काढेल हो, याची खरी करामत नंतरची. घरातल्या खिडकीशी बसून, टोकदार पेन्सिल नि बारीक ब्रश घेऊन तो देवीचे वण पुसायचा, बसलेले गाल भरायचा, डोळ्यांत चमक आणायचा. पेन्सिल नीट उमटावी म्हणून फोटोला आधी एक चिकट औषध चोळायचा. फोटो हातात आला की बोट आपसूक त्या औषधाच्या बाटलीकडं जायचं, इतकी ती सवय अंगात मुरलेली.

पण अठ्ठ्याण्णव साल उजाडलं आणि ब्रशचं टोक त्याला दिसेनासं झालं. चष्मा बदलला, तरी पापणीची रेघ भुवईवर जाऊ लागली. एका नवरीच्या बापानं तर फोटो तसाच परत आणून टेबलावर टाकला. कम्प्युटरवर चेहरा परातीएवढा मोठा करून हेच काम करता येतं, हे कळल्यापासून भीमराजला दुसरं काही सुचेना. धंदाच बसला तर करणार काय? कम्प्युटर घरी आणायचाच.

त्याची बायको भारती म्हणाली, "आना की. पन पारखून आना." तिनं ट्रंकेतून आपल्या आईचा फोटो काढला. आई, लंकाबाई, वारलेली. काष्टीच्या बाजारात कुण्या फिरत्या फोटोवाल्यानं काढलेला हा तिचा एकुलता एक फोटो. त्याची निगेटिव्ह कुठली असायला!

"माझी आय ज्या मशीनमदी हुती तशी दिसंल, तेच मशीन घरात येईल," भारतीनं बजावलं. "आन् ऐका, फोटोला हात लावायचा न्हाई. तिच्या तोंडाला तुमची पेन्सिल नको."

"न्हाई लावत," भीमराज म्हणाला.

आणि लावला की हो या बाबानं! लंकाबाईच्या गालावरून घडीची एक रेघ गेली होती. ती त्याच्या डोळ्यांत खुपली. एवढी रेघच तर घालवायची, भारती उलट खूशच होईल, असं मनाशी म्हणत कम्प्युटर बघायला नगरला निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं फोटोला औषध चोळलंसुद्धा. पेन्सिल टेकवणार तोच भारतीची चाहूल लागली. त्यानं घाईघाईनं फोटो गुळगुळीत बटरपेपरच्या पाकिटात सरकवला, आणि नंतर ते विसरूनच गेला.

नगरच्या दुकानदाराचं नाव राधाकृष्ण. बोलायला गोड, पण कायम घाईत. दुकानात दोन कम्प्युटर मांडलेले होते. आतला नवा, मोठ्या पडद्याचा, चुटकीसरशी चालणारा. त्याच्यावर भीमराजचं मन कधीच बसलं होतं. दाराजवळचा जुना, दाखवायला ठेवलेला, रखडत चालणारा. पण स्कॅनर त्या जुन्याला जोडलेला होता.

"आधी ह्याच्यात फोटो घेऊ, मग नव्यावर दाखवतो," राधाकृष्ण म्हणाला. त्यानं फोटो काचेवर पालथा ठेवला आणि झाकण तळव्यानं चांगलं दाबलं.

आतून उजेड सरकत गेला. पडद्यावर वरून खाली लंकाबाई उतरू लागली. आधी केस, मग कपाळावरचं गोंदण, मग डोळे.

"अगं बया! तीच की ही!" भारतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

राधाकृष्णनं झाकण उघडलं. फोटो उचलायला गेला, तर फोटो येईना. भीमराजला एकदम आठवलं. औषध! "थांबा, ओढू नका!" तो ओरडला, पण तोवर राधाकृष्णनं कोपरा धरून ओढला होता. टर्रकन आवाज झाला. हातात अर्धा चेहरा आला. उरलेला अर्धा, डोळ्यासकट, काचेलाच राहिला.

भारती खुर्चीवरून उठली. तिनं दुकानदाराकडं पाहिलंच नाही. "हात लावला हुता?"

"लावला," भीमराज म्हणाला.

तेवढ्यात वरची ट्यूब फडफडली.

भारतीनं झटकन पडद्याकडं बोट केलं. "लाईट गेली तर ही ऱ्हाती का?"

"नाही. अजून सेव्ह कुठं केलंय?"

"मग करा की! बघत काय बसलाय?"

"नाव काय देऊ?"

"लंकाबाई! लंकाबाई ल्ह्या!"

राधाकृष्ण एका बोटानं एकेक अक्षर शोधू लागला. ट्यूब पुन्हा फडफडली. त्याचं बोट चुकलं, त्यानं खोडलं, पुन्हा लिहिलं. भीमराजला वाटलं, या माणसाच्या हातातून ती बटणांची पाटी हिसकावून घ्यावी, पण आपल्याला कुठं येतंय? त्यानं नुसतं टेबल घट्ट धरलं. शेवटचं बटण दाबलं गेलं आणि दुकानात अंधार झाला.

"झालं का?" भारतीनं विचारलं.

"बहुतेक," राधाकृष्ण पुटपुटला. आता तोही घाबरला होता.

लाईट येईपर्यंत भारती दाराकडं पाठ करून, काळ्या पडद्यासमोर उभी राहिली. मग पंखा फिरला. जुना कम्प्युटर कुरकुरत, जीव खात सुरू झाला. राधाकृष्णनं नाव शोधून उघडलं. केस आले. गोंदण आलं. डोळे आले, दोन्ही. गालावरची रेघही आली.

भारतीनं पदरानं तोंड पुसलं. "हेच मशीन द्या."

"ताई, हे लई हळू चालतं," राधाकृष्ण म्हणाला. "फोटो नव्यात टाकून देतो ना!"

"ती ह्याच्यात हाय. इकडून तिकडं करताना पुन्हा काय झालं तर?"

नव्याकडं भीमराजनं एकदाच पाहिलं. कामाला तोच हवा होता, हे त्याला पुरतं कळत होतं. "हेच द्या," तो म्हणाला.

राधाकृष्ण काच खरवडायला ब्लेड घेऊन आला. भारतीनं त्याचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या. काच बी आमीच नेनार."

पुढं भीमराजनं त्या रखडणाऱ्या कम्प्युटरवर गावोगावच्या नवऱ्या उजळल्या, वण घालवले, गाल भरले. लंकाबाईच्या गालावरची रेघ मात्र त्यानं कधी पुसली नाही. एखादं गिऱ्हाईक स्कॅनरचं झाकण उघडं पाहून म्हणायचं, "भाऊ, काच पुसा की, केवढा डाग पडलाय."

"डाग न्हाई तो," भीमराज खेकसायचा. "सासूबाई हायेत माझ्या." आणि नवरीचा फोटो बाजूच्या मोकळ्या काचेवर, अगदी हलक्या हातानं ठेवायचा.