टोपीवालीचं 'हं'

लोकांना टोप्या घालायचा जिला पगार मिळतो, तिला टोपीवाली नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? बाई सज्जन हो, गैरसमज नको. मेंदूच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. तारांची टोपी डोक्यावर ओढायची, भोकाभोकांतून चिकट जेल सोडायचं आणि पत्त्यांचा खेळ घ्यायचा.

तिथल्या मॅडम मेंदूतल्या मुकादमाच्या मागे लागल्या होत्या. आधी काय, नंतर काय, हात कुठे आवरायचा, चाल कधी बदलायची, हे ठरवणारा तो मुकादम. मेंदूला झटका आल्यावर तो बिघडला, तर सरावाने सुधारतो का? पत्ते कधी रंगावर लावायचे, कधी आकारावर. नियम मध्येच गुपचूप फिरायचा, तो पेशंटने आपणच ओळखायचा. टोपीवालीने 'बरोबर' किंवा 'चूक' एवढंच म्हणायचं, बाकी तोंडाला कुलूप.

सलूनवाले काका तिथे आले ते झटक्यानंतरच. हात ठणठणीत होता, पण एका गिऱ्हाइकाचा डावाच गाल ते पुन्हा पुन्हा भादरत बसले, तेव्हा मुलाने वस्तरा काढून घेतला.

"डोकं चिकट करतात आणि केस कापत नाहीत, असलं दुकान पहिल्यांदा बघतोय!" काका म्हणाले, आणि टोपीवालीचा त्यांच्यावर जीव जडला.

पहिल्या चाचणीत काका रंगावरच अडून बसले. मग सराव झाला आणि शेवटच्या चाचणीत गडी प्रत्येक वेळी नियमाबरोबर फिरला. मॅडम हरखल्या. वस्तरा द्यायला हरकत नाही, असं मुलाला सांगूनही टाकलं.

"पहिली दाढी तुझ्या नवऱ्याची, फुकट!" टोपी उतरवताना काका म्हणाले. "तुझ्यामुळेच जमलं."

"माझ्यामुळे कसलं, काका?"

"अगं, तू हळूच 'हं' करतेस ना? मी ओळखतो, आता नियम फिरला."

जेल पुसणारा तिचा हात थांबला. पुढचा नियम तिला पडद्यावर दिसायचा. म्हातारा आता अडखळणार, या काळजीने तोंडातून 'हं' निसटत असणार. पायरी उतरणाऱ्या पोराला म्हणतो तसं. म्हणजे मुकादम जिथल्या तिथेच, आणि टोपी घातली गेली ती मात्र सगळ्यांना!

कोणाला कळणार होतं? पण घरी नवरा आरशासमोर फेस लावून मान वर करून उभा राहिला आणि हिची नजर त्याच्या गळ्यावरून हलेना.

"काय गं, नवरा कधी बघितला नाहीस?"

"त्या काकांकडे तेवढं जाऊ नका हं."

तो 'हं' तिने स्वतःच्या कानांनी ऐकला. आपल्या नवऱ्याला सावध केलं; खुर्चीत बसणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचं काय?

सकाळी तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "अजून किती जणांना 'हं' म्हणालीस?"

"माहीत नाही, मॅडम."

फेरचाचणी झाली. या वेळी 'बरोबर', 'चूक' यंत्राने म्हटलं. ती शेजारी ओठ चावून बसली होती. नियम फिरला, काका रंगावरच. चूक. पुन्हा रंग. चूक. प्रत्येक चुकीला ते तिच्याकडे वळून बघायचे आणि ती तारांकडे.

संध्याकाळी मुलाने वस्तरा परत कपाटात टाकला, हे नंतरचं. त्याआधी, ती केसांतलं जेल पुसत असताना काकांनी हळूच विचारलं, "आज घसा बसलाय का गं तुझा?"

"हं," ती म्हणाली.