दंडावरचा नीलम

ज्योतिषाने वडिलांना नीलम घालायला सांगितला, तेव्हा ते भोरच्या कचेरीत कारकून होते. नीलम बाधतो, म्हणून घेण्याआधी तो आठ दिवस दंडाला बांधून पाहायची रीत होती. पुण्याहून येणाऱ्या जवाहिऱ्याने दोन खडे दाखवले. पहिल्याच्या पोटात केसाएवढी रेघ होती. तो बांधला आणि तिसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या वाटेवर वडिलांचा पाय मुरगळला. खडा परत गेला. दुसरा निळाशार होता, आत डाग ना रेघ. तो बांधल्यावर आठ दिवसांत घरात कुणाला साधी शिंकही आली नाही. वडिलांनी तोच अंगठीत बसवून घेतला. खडा उजेडात धरून पाहायचं आमच्या शिकल्यासवरल्या घरात एकालाही सुचलं नाही. आम्ही सगळे वडिलांची तब्येत पाहत होतो.

पुढे अंगठी सैल झाली. गावातल्या सराफाने ती खिडकीशी नेली आणि भिंगातून आम्हाला खड्यातला बुडबुडा दाखवला.

“काच आहे. खऱ्या नीलमात रेघ सापडते, असा बुडबुडा नाही.”

आई म्हणाली, “म्हणूनच काही झालं नाही.”

“मग हाच राहू द्या,” वडील सराफाला म्हणाले, “अंगठी तेवढी घट्ट करा.”