फुलसावंगीला, मेणाचं गुपित काढायला
"वैनी, तुमची बत्ती मे महिन्यात वाकते. फुलसावंगीची पाहा कशी ताठ उभी राह्यते! पावसाळ्याचा माल मी तिकडूनच घेईन म्हणतो," आमचा यवतमाळचा दुकानदार म्हणाला आणि माझा तिळपापड झाला. कारण फुलसावंगीची मेणबत्ती म्हणजे माझी मावसबहीण वनिता. तिला साच्यात मेण ओतायला मीच शिकवलं होतं!

दुसऱ्याच दिवशी सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बस खच्चून भरलेली. आर्णीला उतरून चहा आणि आलुबोंडा खाल्ला. बोंडा गरम असेल तरच घ्या. महागावला बस बदलावी लागते, तिथे तासभर मोडतो, सोबत पाणी ठेवा. पुढे दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. वनिताची ताठ मेणबत्ती तेवढी दिसत होती.

वनितानं पाटवडीचा रस्सा आणि भाकर वाढली. रस्साही माझ्यापेक्षा छान, काय सांगू!

जेवल्यावर शेडमध्ये नेलं. आम्ही दोघी एकच मेण वापरतो, अर्धवट शुद्ध केलेलं पॅराफिन. खनिज तेलापासून वंगण बनवताना ते गार करून गाळतात, तेव्हा हे मेण वेगळं निघतं. त्यातलं तेल पुरतं काढलं की महागडं शुद्ध मेण, थोडं राहू दिलं की आमच्या खिशाला परवडणारं. उरलेलं तेलच मेणबत्ती मऊ करतं.

तापलेल्या टिनाच्या छपराखाली, उतरत्या जाळीवर वनितानं मेणाच्या वड्या मांडल्या होत्या. वडीवर तेलाचे थेंब जमून खालच्या परातीत टपकत होते.

"मेणाले घाम येऊ द्यायचा ताई, पन वितळू नाही द्यायचं. तू कुठं ठेवतं वड्या?"

"कूलरपुढे," मी पुटपुटले.

ती खदखदून हसली. "मंग घाम कसा येईल वं? तेल अंदरच राह्यते ना!"

इतकी वर्षं मी उन्हापासून जपत होते, तेच ऊन हिच्याकडे कारखान्याचं काम करत होतं. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

निघताना ती स्टँडवर आली. "ताई, माही वात लय काजळी धरते. तू सूत कुठून आनतं?"

"तो माणूस आता विकत नाही," मी म्हणाले. आणि बसमध्ये चढले.

घरी येऊन मी टिनाखाली वड्या मांडल्या. महिन्याभरात माझ्या मेणबत्त्या ताठ झाल्या आणि दुकानदारानं निम्मा माल माझा घेतला. ऊन असेपर्यंत तुम्हीही जाऊन या. वनिता कुणालाही सगळं दाखवते.

परवा दुकानात एक बाई दोघींच्या मेणबत्त्या पेटवून बघत होती. वनिताच्या मेणबत्तीनं काळा धूर सोडला. बाईनं माझी घेतली. सूतवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. अजून मी तो वनिताला पाठवलेला नाही.